युनिव्हर्सिटी सोडून पोकरकडे परत जाताना: मंडळातल्या काका-मावशींना खुलं पत्र

प्रिय काका, मावशी, आत्या, दादा, वहिनी,

सप्रेम नमस्कार.

या जूनमध्ये माझी सेकंड इयरची परीक्षा झाली. सप्टेंबरमध्ये मी थर्ड इयरला जाणार नाही. गणित आणि संख्याशास्त्राची पदवी एका वर्षावर आलेली असताना मी युनिव्हर्सिटी सोडते आहे आणि पुन्हा पोकर खेळून पोट भरणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे कळलेलं आहे, पण कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवरून, कुणाला पार्किंगमध्ये उभ्याउभ्या, कुणाला भलत्याच रूपात. म्हणून एकदा सगळं माझ्याकडूनच ऐका.

लिहायला बसले ती आईमुळे. मंडळाच्या गेल्या कार्यक्रमात तिला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठून दोघी-तिघींनी विचारलं, "पोरीला कसला नाद लागलाय का गं?" विचारणाऱ्यांना माझी काळजी वाटत होती, याबद्दल मला शंका नाही. पण तेव्हापासून आई कार्यक्रमाला यायचं टाळते. बाबांना कुणी विचारलं की ते "एक वर्ष ब्रेक घेतलाय" म्हणतात आणि विषय बदलतात. माझ्या आईबाबांना माझ्या पै-पैचा हिशेब माहीत आहे. त्यांनी चारचौघांत मान खाली घालावी असं आमच्या घरात काहीही घडलेलं नाही.

मला बोलायचं आहे ते या हिशेबाबद्दलच. पत्त्यांवर पैसे लावणारा माणूस तरतो की बुडतो, हे मी जेवढं पाहिलं आहे त्यात त्याच्या नशिबावर किंवा संस्कारांवर फारसं अवलंबून नसतं. तो आपले आकडे स्वतःला आणि घरच्यांना दाखवतो की दडवतो, त्यावर असतं. म्हणून माझे आकडे आज तुमच्यापुढे मांडते.

ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सांगलीहून इथे ब्रिटनमध्ये आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, मॅथ्स आणि फर्दर मॅथ्स होतं, ग्रेड चांगल्या होत्या, तरी मी लगेच युनिव्हर्सिटीत गेले नाही. दिवसा सुपरमार्केटमध्ये शिफ्ट आणि रात्री ऑनलाइन पोकर असं सुरू झालं. पुढे शिफ्ट सुटली, पोकर राहिलं. काही वर्षं मी त्यावरच जगले. खोलीचं भाडं, काउन्सिल टॅक्स, आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पाठवलेले पैसे, सगळं त्यातून. 2024 मध्ये युनिव्हर्सिटीत नाव घातलं ते बाबांची फार इच्छा होती म्हणून, आणि मलाही हवं होतं म्हणून. पोकरच्या टेबलावर ज्यांच्यासमोर मी बसत होते त्यांना माझ्यापेक्षा जास्त गणित येत होतं.

ते गणित मला मिळालं आणि त्याबद्दल मी माझ्या शिक्षकांची कायम ऋणी राहीन. गेम थिअरीच्या, म्हणजे डावपेचांच्या गणिताच्या, तासाला गणितज्ञ फॉन नॉयमन शिकवला तेव्हा मी पुढच्या बाकावर सरकून बसले होते. 1928 साली त्याने जो शोधनिबंध लिहिला तो पत्त्यांसारख्या खेळांत कसं खेळावं याचाच होता. ब्लफ करणं ही धाडसी माणसाची लहर नसते, ते किती वेळा करावं याचं प्रमाण गणिताने काढता येतं, हे त्याने दाखवून दिलं. मी जे अंदाजाने करत आले होते त्याचं मूळ मला त्या वर्गात सापडलं.

आता खेळाबद्दल. कॅसिनो म्हटलं की तुम्हाला रूलेटचं चाक आठवतं. त्या चाकाला 37 घरं असतात, 0 ते 36. नेमक्या आकड्यावर लावलेला पौंड लागला तर तो परत मिळतो आणि वर 35 पट मिळतात. घरं 37 आणि मिळणार 35 पट, या फरकातच कॅसिनोचा नफा बसलेला आहे: लावलेल्या प्रत्येक 100 पौंडांमागे सरासरी 2 पौंड 70 पेन्स. तिथे कितीही हुशार माणूस बसला तरी दीर्घकाळात हरणारच. मी रूलेटला हात लावत नाही, स्लॉट मशीनच्या जवळही जात नाही. पोकरच्या टेबलावर मात्र कॅसिनो स्वतः खेळत नाही. तो जागा देतो, डीलर देतो आणि त्याबद्दल आपला आकार घेतो, बहुतेक ठिकाणी प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात मध्ये जमलेल्या पैशांतून. त्याला रेक म्हणतात. बाकीचे पैसे खेळणाऱ्यांमध्येच फिरतात. म्हणजे टेबलावर जो सरस आहे तो दीर्घकाळात जिंकू शकतो, पण रेक भरून वर उरेल एवढा तो सरस असावा लागतो. बहुतेक जण तेवढे नसतात. हे मी लपवणार नाही.

एक डाव दाखवते, म्हणजे मी तिथे बसून नेमकं काय करते ते कळेल. लंडनमध्ये एजवेअर रोडवर व्हिक्टोरिया कॅसिनो आहे, खेळणारे सगळे त्याला 'द व्हिक' म्हणतात. शुक्रवारची रात्र, छोट्या रकमांचा कॅश गेम. माझ्या हातात किलवरचा राजा आणि किलवरची दश्शी. टेबलावर चार पानं उघडलेली, त्यांत दोन किलवर. आणखी एक किलवर आलं की माझा फ्लश, म्हणजे पाचही पानं किलवरची. पॉटमध्ये 80 पौंड. माझ्यासमोर एक निवृत्त बस ड्रायव्हर, अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी 40 पौंड लावले. पॉट झाला 120 चा आणि पुढे राहायचं तर मला 40 टाकायचे होते. 40 घालून 160 च्या पॉटसाठी लढायचं म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं. मला दिसणारी पानं सहा, न दिसणारी 46, आणि त्यांत किलवर नऊ. 46 मध्ये 9 म्हणजे 20 टक्क्यांच्या किंचित खाली. हवे 25, आहेत 20. एवढ्यावर आत राहणं तोट्याचं. पण किलवर आलंच तर शेवटच्या फेरीत त्यांच्याकडून आणखी पैसे मिळू शकतात, आणि ते सरासरी 45 पौंडांच्या वर मिळणार असतील तर आत्ता 40 टाकणं परवडतं. त्यांच्यापुढे साठेक पौंडांच्या चिप्स उरल्या होत्या. तिसरं किलवर पडलं की ते पत्ते ठेवून मोकळे होतात, हे मी संध्याकाळभर पाहत होते. म्हणजे ते 45 यायचे नव्हते. मी पत्ते टाकले. शेवटचं पान उघडलंच नाही. डीलरने सगळं गोळा करून पिसायला घेतलं.

माझं काम हे असं असतं. रात्रभर बसायचं, बहुतेक डावांत पत्ते टाकायचे, आणि समोरचा काय करतो ते लक्षात ठेवायचं.

नशिबाचा भाग मोठा आहे आणि तो नाकारणाऱ्या खेळाडूवर मी विश्वास ठेवत नाही. माझ्या हातात एक्क्यांची जोडी, समोरच्याच्या हातात राजांची, आणि टेबलावर एकही पान उघडायच्या आत दोघांचे सगळे पैसे मध्ये. पोकरमध्ये याहून चांगली वेळ क्वचित येते. तरी शंभरात साधारण 18 वेळा एक्के हरतात. आता हाच विचार महिन्यांवर पसरून बघा. एखादा चांगला ऑनलाइन खेळाडू 100 डावांमागे सरासरी 5 बिग ब्लाइंड कमावतो असं धरू. बिग ब्लाइंड म्हणजे डाव सुरू होताना लावावी लागणारी मोठी रक्कम, आमचं मोजमाप त्यातच चालतं. त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे वर-खाली होण्याचा पल्ला, 100 डावांना 90 बिग ब्लाइंड धरू. दोन्ही आकडे वास्तवाला धरून आहेत. मग 10,000 डाव खेळून झाल्यावरही तो तोट्यात असण्याची शक्यता 29 टक्के निघते. 1,00,000 डावांनंतर ती 4 टक्क्यांवर येते. कॅसिनोत तासाला 30 डाव होतात. म्हणजे तिथे 10,000 डावांना 330 तासांहून जास्त लागतात. आठवड्याला 30 तास खेळलं तर अडीच महिने. अडीच महिने नीट खेळून, योग्य ते सगळं करून, घरी रिकाम्या हाताने यायचं, आणि असं होणार हे आधीपासून माहीत असायचं.

माणसं मोडतात ती याच काळात. हरलेले पैसे आजच वसूल करायचे म्हणून मोठ्या रकमेच्या टेबलावर जाऊन बसतात, घरी सांगत नाहीत, क्रेडिट कार्ड काढतात. म्हणून माझी शिस्त या 29 टक्क्यांसाठी बांधलेली आहे. खेळाचं भांडवल वेगळ्या खात्यात असतं. वर्षभराचा घरखर्च दुसऱ्या खात्यात, आणि तिथला एकही पौंड टेबलावर जात नाही. एका वेळी भांडवलाच्या चाळिसाव्या भागापेक्षा जास्त मी टेबलावर ठेवत नाही. भांडवल एक तृतीयांशाने घटलं की लहान रकमांच्या टेबलावर उतरते, मनाला कितीही लागलं तरी. आणि एक वही आहे. कुठे बसले, किती वेळ, किती नेले, किती आणले, कुठला निर्णय शंकेचा वाटला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती वही बाबांसमोर असते. बाबा सांगलीला सहकारी बँकेत होते. त्यांच्या नजरेतून ओळ सुटत नाही. गेल्या हिवाळ्यात एका सेशनच्या नोंदीत वेळ लिहायची राहिली होती, तर त्यांनी त्यावर पेन्सिलीने गोल केला आणि वही माझ्याकडे सरकवली.

आजीपासून मंडळाच्या माजी अध्यक्षांपर्यंत सगळ्यांनी मला धर्मराजाचं उदाहरण दिलं आहे. मी ते मनापासून ऐकलं आहे. त्या सभेत काय काय झालं ते एकदा खेळणाऱ्याच्या नजरेने बघा. शकुनी आपल्यापेक्षा सरस आहे हे ठाऊक असून धर्मराज बसला. हरत गेला तसा डावावरचा पण वाढवत गेला. मध्येच उठायची वाट त्याने स्वतःसाठी ठेवली नव्हती. आणि जे पणाला लावायचा त्याला हक्कच नव्हता, भाऊ आणि द्रौपदी, तेही लावलं. यातली एकेक गोष्ट आमच्यात पहिल्या दिवशी टाळायला शिकवतात: आपल्याहून सरस माणसाचं टेबल सोडा, हरताना रक्कम वाढवू नका, उठायचं कधी ते बसायच्या आधी ठरवा, घरचं घरी ठेवा. पण त्याच पांडवांच्या वनवासात बृहदश्व ऋषी धर्मराजाला नलाची गोष्ट सांगतात, ती मात्र मला कुणी सांगितली नाही. नलही द्यूतात राज्य हरला होता. पुढे तो ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. त्या राजाने वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे एक नजर टाकून पानांचा आणि फळांचा आकडा सांगितला. नलाने रथ थांबवून मोजलं, तर आकडा बरोबर. ती अक्षविद्या नलाने त्याच्याकडून घेतली, बदल्यात घोड्यांची विद्या दिली, आणि परत जाऊन पुष्कराकडून आपलं राज्य जिंकलं. गोष्ट संपल्यावर बृहदश्व ती विद्या धर्मराजालाही देतात. मोजायला शिकलेला माणूस आणि न मोजता बसलेला माणूस, असे दोघेही आपल्या पूर्वजांनी एकाच कथेत ठेवले आहेत.

भारतातून मामाचा फोन आला होता. "अगं, इकडे तर सरकारनेच बंदी आणलीय," म्हणाला. खरं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळले जाणारे सगळे ऑनलाइन खेळ आले, कौशल्याचे असोत नाहीतर नशिबाचे. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्या कायद्यामागे कर्जात बुडालेली घरं आहेत आणि त्यांचं दुःख खोटं म्हणायची माझी छाती नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने रमीला 1967 मध्येच मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं, आणि एवढ्या वर्षांचा तो फरक एका फटक्यात पुसला गेला याचं मला वाईट वाटतं. पुण्या-मुंबईची जी मुलं 30 टक्के कर भरून उजळ माथ्याने खेळत होती त्यांनी आता काय करावं? काही जण परदेशी वेबसाइटवर आणि ओळखीपाळखीच्या खासगी अ‍ॅपवर जातील, जिथे कुणाचाच हिशेब उघडा नसतो. मला त्याचीच भीती आहे.

मी इथे राहते, इथला 2005 चा गॅम्बलिंग अ‍ॅक्ट मला लागू आहे, आणि मी परवाना असलेल्या जागीच खेळते. इथल्या सरकारने धोका जिथे मोठा वाटला तिथे कुंपण घातलं. ऑनलाइन स्लॉटवर एप्रिल 2025 पासून एका फेरीला 5 पौंडांची मर्यादा आली, 18 ते 24 वयाच्यांना मे महिन्यापासून 2 पौंडांची. मला हे धोरण जास्त शहाणपणाचं वाटतं.

कराचा प्रश्न एका काकांनी थेट बाबांना विचारला, म्हणून त्याचं उत्तर. ब्रिटनमध्ये खेळणाऱ्याच्या जिंकण्यावर आयकर नाही. ही पळवाट मी शोधलेली नाही. 1925 मध्ये ग्रॅहम विरुद्ध ग्रीन या खटल्यात घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावूनच जगणाऱ्या एका माणसाच्या कमाईवर कर लागणार नाही असा निकाल झाला, आणि तेव्हापासून ते तसंच चालत आलं आहे. कर नाही, तशी हरल्यावर कसली सवलतही नाही. आणि याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पेस्लिप नसते, त्यामुळे मॉर्गेज मिळणं अवघड. आजारी पडलं तर रजेचे पैसे नाहीत. कंपनीचं पेन्शन नाही. सरकारी पेन्शन पूर्ण मिळायला साधारण 35 वर्षांचं नॅशनल इन्शुरन्स लागतं, आणि पगारच नाही तर ते कापणार कुठून? म्हणून मी ते स्वेच्छेने भरणार आहे. 2025-26 चा दर आठवड्याला 17 पौंड 75 पेन्स होता. स्टुडंट लोनचंही तेच. माझ्या वेळच्या विद्यार्थ्यांना 25,000 पौंडांवरच्या उत्पन्नाचे 9 टक्के फेडावे लागतात आणि 40 वर्षांनी उरलेलं माफ होतं. पगारातून कापून घ्यायला माझा पगार नसेल, पण मी दरमहा आपणहून भरणार आहे. ज्या शिक्षणाच्या जोरावर मी खेळते त्याचा बोजा तुमच्या करांवर टाकून जाणं मला पटत नाही.

"एकच वर्ष राहिलंय, तेवढं पूर्ण कर." हे मला तुमच्यापैकी प्रत्येकाने सांगितलं, आणि सगळ्यांत योग्य प्रश्न हाच आहे. नुसती फीच गेल्या वर्षी 9,535 पौंड होती, राहण्या-खाण्याचे वेगळे. पण पैसा हे मुख्य कारण नाही. हे कौशल्य वापरात नसलं की झपाट्याने मागे पडतं. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्गला लिब्रेटस नावाच्या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना 1,20,000 डावांत हरवलं. 2019 मध्ये प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावर तेच केलं. आता घरोघरी सॉल्व्हर आहेत, म्हणजे प्रत्येक स्थितीतला उत्तम निर्णय काढून देणारं सॉफ्टवेअर, आणि अठरा-एकोणीस वर्षांची मुलं दिवसाचे कित्येक तास त्यावर घासतात. गेल्या दोन वर्षांत मी सुट्टीपुरती खेळत होते, तेवढ्यातही समोरची मुलं किती पुढे गेली ते जाणवत होतं. आपली परीक्षा मे-जूनमध्ये असते. लास व्हेगासची पोकरची वर्ल्ड सिरीज त्याच सुमाराला भरते. अर्धी इथे अर्धी तिथे राहून दोन्ही कामं बिघडतील. दुसरं वर्ष मी नीट संपवलं, त्यामुळे 240 क्रेडिट्स आणि डिप्लोमा ऑफ हायर एज्युकेशन माझ्या नावावर आहे. ओपन युनिव्हर्सिटी आधीचे क्रेडिट्स धरते, तो रस्ता मी चौकशी करून ठेवला आहे. दोन वर्षांनी वही बाबांच्या आणि माझ्या समोर असेल. आकडे जमत नसतील तर मी परत वर्गात बसेन.

आणि मला हे काम मनापासून आवडतं. तुमच्यातल्या ज्या काकांनी बँकेतली नोकरी सोडून वडापावची गाडी टाकली, त्यांना याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मला खरोखर छळते. माझं जिंकणं म्हणजे कुणाचं तरी हरणं असतं. बस ड्रायव्हर आजोबांसारखे लोक आठवड्याचा विरंगुळा म्हणून येतात, ठरवलेले पैसे आणतात, हसत घरी जातात. त्यांच्याबद्दल मनात टोचणी नसते. पण कधीकधी टेबलावर असा माणूस असतो ज्याचे हात थरथरत असतात, जो तिसऱ्यांदा एटीएमकडे जाऊन येतो. मी तिथून उठते. हिशेबाच्या दृष्टीने ते टेबल सगळ्यांत फायद्याचं असतं, आणि मी तिथून उठते, हे बाबांशी ठरलेलं आहे. एकदा अशाच एका मराठी मुलाला मी बाहेर गाठून बोलले. त्याला वाटत होतं की आपल्या लोकांत हे कुणाला सांगायची सोयच नाही, सांगितलं तर आईवडिलांचं नाव जाईल. शेवटी त्याने कॅसिनोत स्वतःवर प्रवेशबंदी घालून घेतली, ऑनलाइनसाठी गॅमस्टॉपवर नाव नोंदवलं. नॅशनल गॅम्बलिंग हेल्पलाइन रात्रंदिवस फुकट चालते, तिथे फोन केला. पण घरी सांगायला त्याला त्यानंतरही बरेच महिने लागले. आईला स्वयंपाकघराच्या दाराशी विचारलेला प्रश्न त्या मुलाच्या आईलाही कुणी विचारला असता, तर त्याने तोंड उघडलं असतं का? मला नाही वाटत.

आत्यांनी लग्नाचं विचारलं आहे. मुलीची जात, रात्रीची कॅसिनोत बसते, कोण करून घेणार? आत्या, व्हिक्टोरिया कोरेन मिचेल याच व्हिकमध्ये 2006 साली युरोपियन पोकर टूरची लंडनची स्पर्धा जिंकली. 2014 मध्ये तिने सान रेमोला दुसऱ्यांदा त्या टूरची मुख्य स्पर्धा जिंकली, आणि तसं दोनदा करणारी ती पहिलीच खेळाडू ठरली, पुरुष धरून. लिव्ह बोरी मँचेस्टरला भौतिकशास्त्र शिकली आणि 2010 मध्ये सान रेमोला जिंकली. भारताच्या निकिता लूथरने 2018 मध्ये वर्ल्ड सिरीजचं विजेत्यांना मिळणारं ब्रेसलेट मिळवलं. कॅसिनोच्या कार्डरूममध्ये कॅमेरे असतात, सुरक्षारक्षक असतात, आणि मला रात्रीच्या बसपेक्षा तिथे जास्त सुरक्षित वाटतं. ज्याला माझं काम खटकेल त्याच्याशी माझं लग्न व्हायला नको, हे आईचं मत आहे आणि माझंही.

आता मागणं. आपल्या मंडळातली चार-पाच मुलं मला मेसेज करून "ताई, शिकव ना" म्हणतात. कोजागिरीला गच्चीवर रमी आणि तीन पत्ती आपण सगळेच खेळतो, त्यामुळे पत्ते त्यांना नवे नाहीत. त्यांना माझं जिंकणं ऐकून माहीत आहे, वहीतली लाल पानं माहीत नाहीत. मी त्यांना परस्पर काही शिकवणार नाही. गणपतीत आपण दहावी-बारावीच्या वयाच्या मुलांसाठी करिअरचं सत्र ठेवतो, डॉक्टर येतात, सॉफ्टवेअरवाले येतात. या वर्षी त्यात मला अर्धा तास द्या, मुलांचे आईवडील समोर बसलेले असताना. मी त्यांना रूलेटचं चाक समजावून सांगेन, 29 टक्के कुठून आले ते फळ्यावर काढून दाखवेन, माझे तोट्याचे महिने दाखवेन, आणि हरू लागल्यावर कुणाला फोन करायचा ते सांगेन. कुणालाही खेळ म्हणणार नाही. समितीतल्या कुणाला आधी वही पाहायची असेल तर घरी या, बाबा दाखवतील.

आणि आईला पुढच्या कार्यक्रमाला नेहमीसारखा पुरणपोळ्यांसाठी फोन करा. माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा, मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देईन. सत्राचं जे ठरेल ते कार्यक्रमपत्रिका छापायला जायच्या आत कळवा, कारण ऑगस्टच्या शेवटी मी बार्सिलोनाला स्पर्धेसाठी जाते आहे आणि तिकिटं त्याप्रमाणे काढायची आहेत.

तुम्हा सगळ्यांची,
भाची